मायग्रेनचे प्रतिबंधक उपचार आणि आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायग्रेनचे झटके थोपवणारी औषधं मी गेली अकरा वर्षं घेते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं विमा कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात गेली. मी डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. पण माझा अर्ज दोनदा नामंजूर होऊन तिसऱ्या खेपेला पास झाला, तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांच्या फायली माझ्याकडे यायला लागल्या. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. देशोदेशीचे नियम आणि प्रत्येक पॉलिसीची कलमं वेगळी असतात, तेव्हा इथलं वाचून झालं की आपली पॉलिसी काढून बसा.

प्रतिबंधक उपचार म्हणजे नेमकं काय? डोकं उठल्यावर घेतो ती गोळी यात धरायची का?

नाही. झटका आल्यावर घ्यायची गोळी वेगळी, मग ती साधी वेदनाशामक असो की ट्रिप्टान गटातली. प्रतिबंधक औषध डोकं दुखत नसतानाही घ्यायचं असतं: रोज गोळी, महिन्याला एक इंजेक्शन, किंवा दर तीन महिन्यांनी एकदा. झटके कमी यावेत, आले तरी सौम्य यावेत, एवढंच त्याचं काम. महिन्यातले १२ दिवस वाया जात होते ते ६ वर आले, तर डॉक्टर त्याला चांगला गुण म्हणतात. विमा कंपनीही याच हिशेबाने बघते. महिन्याला ४ किंवा अधिक दिवस मायग्रेनचे जात असतील, किंवा दिवस कमी पण प्रत्येक झटका अंथरुणाला खिळवणारा असेल, तर प्रतिबंधक औषधाचा विषय निघतो.

एक गोष्ट पेशंट स्वतःहून सांगत नाही. वेदनाशामक गोळ्या फार झाल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ती औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असू शकते. अर्ज तपासणारा हे बघतोच. लपवू नका, डॉक्टरांनी त्यावर काय केलं ते लिहून घ्या.

माझ्या पॉलिसीत ‘प्रतिबंधात्मक सेवांचा पूर्ण खर्च मिळेल’ असं छापलंय. मग हे औषध त्यात का बसत नाही?

इथे एका शब्दाने फसगत होते. डॉक्टरांच्या तोंडचं प्रतिबंधक आणि विम्याच्या कागदावरचं प्रतिबंधात्मक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विम्याच्या भाषेत ही सेवा आजार नसलेल्या माणसासाठी असते: लसी, साखर-रक्तदाबाच्या तपासण्या, कर्करोग लवकर सापडावा म्हणून करायच्या चाचण्या. तुमचं मायग्रेनचं निदान झालेलं आहे, म्हणजे त्यांच्या लेखी तुमचं औषध हा जुनाट आजारावरचा चालू उपचार. त्याला औषधखर्चाचं कलम लागतं, आणि त्याबरोबर डिडक्टिबल (आधी आपण भरायची रक्कम), को-पे (प्रत्येक खर्चातला आपला वाटा), वार्षिक मर्यादा हे सगळं आलंच.

ओळखीतल्या एका काकांनी क्लेम फॉर्मवर ‘प्रतिबंधात्मक’ या रकान्यात बरोबरची खूण केली. शब्द बघूनच केली, त्यांचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. फॉर्म आरोग्य तपासणीच्या टेबलावर गेला, तिथून ‘ही चाचणी यादीत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. दोन महिने गेले.

माझी पॉलिसी फक्त हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचा खर्च देते. काही मिळेल का?

बहुतेक नाही. मायग्रेनचा प्रतिबंधक उपचार जवळजवळ सगळा ओपीडीत आणि घरी होतो. गोळ्या घरी घ्यायच्या, महिन्याची इंजेक्शनं पेशंट स्वतःच पोटावर किंवा मांडीवर टोचून घेतो. ओपीडीचं कव्हर किंवा तसा रायडर (पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा कव्हर) नसेल तर हा खर्च खिशातूनच करावा लागतो. अपवाद म्हणजे शिरेतून द्यायचं एप्टिनेझुमॅब. ते दर तीन महिन्यांनी साधारण अर्ध्या तासात सलाईनमधून देतात. डे-केअर उपचारांच्या यादीत शिरेतून द्यायची औषधं आहेत का, हे पॉलिसीत शोधा.

‘एक दिवस भरती दाखवू या’ असा सल्ला कुणीतरी देतंच. ऐकू नका. भरतीची गरज नसताना केलेली भरती हे नामंजुरीचं ठरलेलं कारण आहे, आणि एकदा फायलीवर संशय बसला की पुढचा खरा क्लेमही चाळणीतून जातो.

कुठली औषधं सहज मिळतात आणि कुठे अडवतात?

जुनी, स्वस्त, जेनेरिक औषधं सहसा विनातक्रार मिळतात: प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट, व्हेनलाफॅक्सिन, कँडेसार्टन, आणि ज्या देशांत मिळतं तिथे फ्लुनॅरिझीन. गंमत अशी, की यातलं एकही मुळात मायग्रेनसाठी जन्माला आलेलं नाही. कुणी रक्तदाबाचं, कुणी फिटचं, कुणी नैराश्याचं. त्यामुळे कधीकधी उलटाच घोळ होतो. फिटचं औषध चालू आहे म्हणजे तुम्हाला फिट येतात, असा निष्कर्ष काढून क्लेमवाले खुलासा मागतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाशेजारी ‘मायग्रेन प्रतिबंधासाठी’ एवढे दोन शब्द असले की हा वाद टळतो.

अडवणूक होते ती नव्या औषधांवर. मायग्रेनमध्ये सीजीआरपी नावाचं एक प्रथिन मोठी भूमिका बजावतं. त्याची ही भूमिका शोधून काढणाऱ्या चार संशोधकांना २०२१ साली ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. त्या प्रथिनाला किंवा त्याच्या ग्राहीला (पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेला) अडवणारी औषधं खास मायग्रेनसाठीच बनवली गेली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) एरेनुमॅबला मे २०१८ मध्ये, फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅबला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एप्टिनेझुमॅबला २०२० मध्ये मंजुरी दिली. पाठोपाठ २०२१ मध्ये प्रतिबंधासाठी गोळ्या आल्या: एक दिवसाआड घ्यायचं रिमेजिपंट आणि रोज घ्यायचं अटोजिपंट. ही औषधं महाग आणि लांब मुदतीची, म्हणून विमा कंपन्यांनी त्यांच्यापुढे पूर्वमंजुरीचं फाटक बसवलं आहे.

कंपनीची औषधयादी दरवर्षी बदलू शकते हेही ध्यानात असू द्या. या चारपैकी एकच इंजेक्शन यादीत ठेवायचं आणि बाकीची अपवादाने द्यायची, असं बरेचदा करतात. तुमचं औषध यादीतून उडालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलाला हो म्हणू नका. एरेनुमॅब ग्राहीला अडवतं, बाकीची तीन थेट प्रथिनाला. एकाने गुण आला नाही म्हणून दुसऱ्यानेही येणार नाही असं नसतं, आणि उलटही तसंच.

‘आधी जुनी औषधं वापरून बघा’ असं कंपनी सांगते. हे बंधनकारक आहे का?

पॉलिसीत लिहिलं असेल तर बहुतेक वेळा पाळावं लागतं. बहुतेक नामंजुऱ्या इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायरी-पायरीने वर चढायचं, असा हा नियम असतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी नाइस ही संस्था निकष ठरवते, आणि एरेनुमॅबसाठी तिने २०२१ साली घातलेल्या अटी नमुन्यादाखल बघण्यासारख्या आहेत: महिन्याला किमान ४ मायग्रेनचे दिवस, आणि आधी निदान ३ प्रतिबंधक औषधं निकामी ठरलेली. खासगी विमा कंपन्यांच्या अटी याच साच्यातल्या असतात, आकडा २ असेल किंवा ३.

डॉक्टरांच्या संघटनांचं मात्र यावर एकमत नाही. अमेरिकन हेडेक सोसायटीने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं, की सीजीआरपीवरची औषधं पहिल्या पायरीवरच द्यायला हरकत नाही, आधी दुसरी औषधं फसलेली असण्याची अट नको. युरोपियन हेडेक फेडरेशननेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही इंजेक्शनं पहिल्या पर्यायांत धरली. उलट अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०२५ मध्ये प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, व्हॅल्प्रोएट, व्हेनलाफॅक्सिन, ॲमिट्रिप्टिलीन यांना आधी पसंती दिली, खर्चाचा विचार करून. म्हणजे तुमचे डॉक्टर पहिला कागद जोडतील आणि कंपनी दुसरा पुढे करेल. माझ्या मते मायग्रेनच्या पेशंटला वर्ष-दीड वर्ष या पायऱ्यांवर फिरवणं अन्यायाचं आहे, पण माझ्या मताने क्लेम पास होत नाही.

मग पास कशाने होतो? ‘औषध वापरून बघितलं’ याचा कंपनीचा अर्थ नीट कळल्याने. चार दिवस गोळी घेऊन सोडली तर ती धरत नाहीत. पुरेसा डोस गाठल्यावर साधारण ८ आठवडे तरी औषध चाललेलं असावं, ही सर्वसाधारण अपेक्षा. पण त्याला पळवाट नव्हे, रीतसर वाट आहे. दुष्परिणामांमुळे औषध सोडावं लागलं, तर तेही वापरून बघितल्यात धरतात. आणि औषध द्यायलाच नको अशी वैद्यकीय अडचण असेल, तर न घेताही ती पायरी ओलांडता येते. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत. गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईला व्हॅल्प्रोएट टाळतात, कारण गर्भाला गंभीर अपाय होऊ शकतो. टोपिरामेटबद्दलही तीच काळजी. मूतखडा होऊन गेलेल्याला टोपिरामेट देताना डॉक्टर बिचकतात. हे कारण डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीत असलं पाहिजे. फोनवर सांगितलेलं कुणी धरत नाही.

बोटॉक्सचा क्लेम ‘सौंदर्योपचार’ म्हणून नाकारला. आता काय?

नावामुळे होतं. एफडीएने क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सला ऑक्टोबर २०१० मध्ये मान्यता दिली आहे. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा भागांत ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी, हा ठरलेला क्रम. कपाळावरच्या सुरकुत्यांशी त्याचा संबंध एवढाच, की त्या जाता जाता जातात. (माझ्या गेल्या. कुणी हेवा केला तर मी त्यांना ३१ सुया मोजून दाखवते.)

अट मात्र कडक आहे: मायग्रेन क्रॉनिक असला पाहिजे. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. महिन्याला १० दिवसांचा त्रास असेल तर तो कितीही भयंकर असो, बोटॉक्स मिळणं कठीण. अर्जात क्रॉनिक हा शब्द, दिवसांचे आकडे आणि युनिट लिहिलेले हवेत. बिलात औषधाची किंमत आणि टोचण्याची फी वेगवेगळी मागा, कारण दोन्हीला दोन कलमं लागतात आणि एकत्र बिल आलं की दोन्ही अडकतात. बोटॉक्स आणि सीजीआरपीचं इंजेक्शन एकदम मागितलं तर बहुतेक कंपन्या एकच देतात.

पूर्वमंजुरीच्या अर्जात नेमकं काय असावं?

माझीच फाईल सांगते. पहिल्या अर्जाला जोडलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: ‘डोकेदुखीचा जुना त्रास. नेहमीच्या औषधांनी गुण नाही. इंजेक्शन सुरू करावे.’ वर आजाराचा कोड होता आर ५१. हा कोड नुसत्या डोकेदुखीचा. मायग्रेनचा कोड जी ४३ पासून सुरू होतो, आणि पुढच्या आकड्यांनी त्याचा प्रकार ठरतो. सर्दी-तापातल्या डोकेदुखीला महागडं इंजेक्शन कोण देणार? नामंजूर.

दुसऱ्यांदा कोड सुधारला. तरी ‘नेहमीची औषधं’ कुठली, किती, कधी, हे नव्हतंच. पुन्हा नामंजूर, आणि या वेळी त्यांनी मुद्दाम विचारलं की प्रोप्रॅनोलॉल तीन आठवड्यांतच का थांबवलं. मला आठवेना. जुन्या कागदांची पिशवी पलंगावर ओतून बसले, तेव्हा एका केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: नाडी ४८, चक्कर, गोळी बंद. त्या चार शब्दांची झेरॉक्स तिसऱ्या अर्जाला लावली. मंजुरी आली.

तेव्हा डॉक्टरांकडून तक्ता करून घ्या. औषधाचं नाव, जास्तीत जास्त किती डोस गाठला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि थांबवण्याचं कारण. सोबत महिन्यातले डोकेदुखीचे दिवस आणि त्यातले मायग्रेनचे दिवस वेगळे. हे दोन आकडे एकच समजून लिहिणारे फार जण आहेत. जमल्यास मिडास किंवा हिट-६ या प्रश्नावलीची गुणसंख्याही. मिडासमध्ये गेल्या तीन महिन्यांत किती दिवस काम, घरकाम, माणसांत जाणं बुडालं ते मोजतात. बेरीज २१ किंवा जास्त झाली की तो सर्वांत वरचा, चौथा दर्जा. हिट-६ मध्ये ६० आणि त्यावर म्हणजे गंभीर परिणाम. ‘खूप त्रास होतो’ या वाक्यापुढे नुसता ‘मिडास ४६’ हा आकडा जास्त चालतो.

नामंजुरीचं पत्र आलं. पुढे?

पत्रात कारण आणि कलम लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर लेखी मागा. अपिलाची मुदत त्यातच असते. पहिला दिवस रडण्यात गेला तर चालेल, पहिला महिना नको. अपिलात सगळी कहाणी पुन्हा सांगू नका, फक्त त्यांच्या कारणाला उत्तर द्या. ‘डोस पुरेसा नव्हता’ म्हणत असतील तर डोसचा कागद. ‘वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही’ म्हणत असतील तर दिवसांचे आकडे आणि डॉक्टरांचं पत्र.

तुमच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलता येईल का, तेही विचारा. मेंदूविकारतज्ज्ञ दहा मिनिटं बोलले की बऱ्याच गाठी सुटतात. कंपनीकडे दाद लागली नाही तर बहुतेक देशांत कंपनीबाहेरची तक्रार यंत्रणा असते: लोकपाल, नियामक किंवा स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी. तिथे जाण्यापूर्वी कंपनीचं अंतिम उत्तर हातात असावं लागतं. प्रत्येक फोननंतर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक टिपा.

एकदा मंजुरी मिळाली. आता दर सहा महिन्यांनी पुन्हा का विचारतात?

कारण मंजुरी मुदतीची असते. पहिली साधारण तीन ते सहा महिन्यांची, पुढची बहुधा वर्षाची, आणि वाढवून मिळण्यासाठी गुण आल्याचा पुरावा लागतो. नाइसच्या अटींत एरेनुमॅबसाठी १२ आठवड्यांनंतर एपिसोडिक (महिन्याला १५ हून कमी दिवस डोकं दुखणाऱ्या) मायग्रेनमध्ये निदान ५० टक्के आणि क्रॉनिकमध्ये निदान ३० टक्के घट मागितली आहे. बोटॉक्सला दोन फेऱ्यांनंतर ३० टक्के. म्हणून औषध सुरू होण्याआधीच्या महिन्यांची नोंद सोन्याची असते. आधी किती दिवस होते हेच ठाऊक नसेल, तर किती कमी झाले ते कशावरून सांगणार?

यात एक विचित्र पेच आहे. औषध लागू पडतं, १८ दिवसांचे ५ होतात, आणि नूतनीकरणाच्या वेळी कुणीतरी लिहितं, ‘पेशंटला आता क्रॉनिक मायग्रेन नाही, सबब उपचाराची गरज नाही.’ छत्री धरली म्हणून भिजलो नाही, आणि भिजलो नाही म्हणून छत्री काढून घ्या, असा हा न्याय. नूतनीकरणाच्या अर्जात उपचारापूर्वीचा आकडा आणि आत्ताचा आकडा शेजारी शेजारी हवेत, आणि एखादा डोस उशिरा झाला तेव्हा झटके वाढल्याची नोंद असेल तर तीही. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी अर्ज टाका. मधला एक डोस चुकला तर त्याची किंमत आपलं डोकं देतं.

नवी पॉलिसी घेताना मायग्रेन सांगावं का?

हो. न सांगितलेला आजार सापडला की मायग्रेनचाच काय, दुसऱ्या क्लेमवरही गदा येऊ शकते. सांगितल्यावर बहुधा आधीपासूनचा आजार म्हणून प्रतीक्षा कालावधी लागतो. पॉलिसी बदलताना आधीच्या पॉलिसीतला काळ नव्यात धरतात का, हे सही करण्यापूर्वी विचारा.

मॅग्नेशियम, रिबोफ्लेविन, बायोफीडबॅक, कपाळावर लावायची यंत्रं?

जीवनसत्त्वं आणि पूरक गोळ्या बहुतेक पॉलिसी देत नाहीत. बायोफीडबॅक (शरीराचा ताण यंत्रावर बघत तो सैल करायला शिकणं) आणि समुपदेशन मानसिक आरोग्याच्या कलमाखाली कधी बसतं, ते तिथे शोधा. यंत्रांना ‘प्रायोगिक’ म्हणून नाकारण्याचा कल आहे; घ्यायचं ठरलंच तर परत करण्याची मुदत असलेलंच घ्या.

डायरीत रोज काय लिहायचं? मला दोन दिवसांनी कंटाळा येतो.

सगळ्यांनाच येतो. ॲप, कॅलेंडर, वहीचं मागचं पान, काहीही चालेल. रोज एक ओळ, आणि दुखलं नाही त्या दिवशीही फुली, कारण रिकामा दिवस ‘दुखलं नाही’ की ‘लिहिलं नाही’ हे नंतर कळत नाही. माझ्या वहीतली गेल्या महिन्याची एक ओळ अशी आहे: ‘१४. पहाटे ४, उजवी बाजू, ८/१०, उलटी २, उजेड नको. ट्रिप्टान १. दुपारी ३ पर्यंत. काम बुडालं.’ खाली पंधरा तारखेपुढे फुली, सोळापुढे फुली.